करंगळीतल्या मुंग्या

रत्नागिरीतले माझे घरमालक घरातल्या घरातसुद्धा उलटं चालायचं झालं तर आधी कुणाला तरी मागे उभं करत. स्टूल घेऊन दोन पावलं मागे यायचं असो, नाहीतर कपाट ओढताना भिंतीकडे सरकायचं असो, ते हाक मारणार, काकू पदराला हात पुसत मागच्या बाजूला येऊन उभ्या राहणार, "येऊ दे, येऊ दे, बस" म्हणणार, आणि मगच काका मागे येणार. मी खोली बघायला गेले त्या दिवशी हेच चाललं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्या नवरा-बायकोची काही तरी थट्टा चाललीय. दोघांपैकी कुणीही हसलं नाही, तेव्हा मीच हसू आवरलं.

काकांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली होती. मागे माणूस उभा असल्याशिवाय गाडी रिव्हर्स घ्यायची नाही, हा नियम त्यांनी निवृत्त होताना डेपोत जमा केला नव्हता. आणखीही बरंच काही जमा केलं नव्हतं, ते मला हळूहळू कळत गेलं.

मी मूळची सोलापूरची. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरीला लागले होते आणि काकांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. त्यांनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि नंतर एकदाही वापरलं नाही. मग गाव विचारलं. तेव्हापासून मी सोलापूर. आयुष्यभर पाट्या वाचल्यामुळे असेल, पण माणसांची नावं त्यांच्या डोक्यात टिकत नसत, गावं पक्की बसत. काकूंचं माहेर देवरूख म्हणून त्या देवरूख. शेजारचे इब्राहिमभाई कुवेतला ट्रेलर चालवून परत आलेले, म्हणून ते कुवेत. काकू रागावल्या की काकांना "अहो सावर्डे" म्हणत, कारण ते तिकडचे. पहिल्या आठवड्यात जिन्यात उभी असताना आतून काकांचा आवाज ऐकू आला, "देवरूख, सोलापूरला चहा दे, कुवेत पण येतोय." मला वाटलं, स्टँडवर कुणी तरी गाड्या लावतंय.

माझ्या व्यवसायाबद्दल काकूंनी आळीत सांगून ठेवलं होतं, की मुलगी मालिश शिकलेली आहे. मी जमेल तिथे खुलासा करायची. काकांनी एकदा त्यांना दुरुस्त केलं. म्हणाले, "मालिश नाय गो. ती वायरमन हाय." मी त्यांना नसांबद्दल काही तरी सांगितलं होतं, त्याचा हा निष्कर्ष. माणसाचं शरीर ही त्यांच्या मते एक जुनी गाडी होती. पोट म्हणजे टाकी, गुडघे म्हणजे शॉकअप, आणि नसा म्हणजे वायरिंग. कॉलेजात चार वर्षं घालवून मी जे शिकले ते यापेक्षा फार वेगळं होतं असं नाही, म्हणून मी वायरमन हे पद स्वीकारलं.

काकांचा दिवसाचा मुक्काम खिडकीत असे. घर गावातून बाहेर जाणाऱ्या रस्त्याला लागून, जांभ्या दगडाचं, आणि त्या खिडकीला चांगला रुंद चिऱ्याचा कट्टा होता. एक उंच स्टूल घेऊन ते खिडकीला उजवा खांदा लावून बसत आणि कोपर बाहेर काढत, अगदी एसटीच्या केबिनमध्ये बसल्यासारखे. रस्त्याने गाडी गेली की आधी घड्याळाकडे नजर, मग ड्रायव्हरकडे. जुने ड्रायव्हर हॉर्न देत. नव्यांना काकांचा चेहराच सांगे की वळणावर गियर चुकीचा पडला. काकू चहा खिडकीत आणून देत. तिथून उठून स्वयंपाकघरात येऊन चहा पिणं काकांना मान्य नव्हतं. चालू ड्युटीत ड्रायव्हर सीट सोडत नाही.

सकाळी आणि दुपारी मात्र ते खरोखरच गाडी चालवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन घेतली होती. माणूस उभा राहिला की बॅटरी उतरते, हे त्याचं कारण. माझं हॉस्पिटल शाळेच्या वाटेवर, त्यामुळे मी पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसून जायची. मागे मुलांचा कलकलाट, आणि काका समोर नजर लावून, उजवं कोपर खिडकीबाहेर, हात स्टिअरिंगवर. आयुष्यात एकही अपघात नाही, हे ते कधी बोलून दाखवत नसत. ते काकू दाखवत.

दुखण्याची सुरुवात बांगड्यापासून झाली. जेवताना काकांना काटा काढता येईना. बोटं माशावर होती, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काम करत नव्हतं. नुसत्या मुंग्या. काकूंनी काटे काढून दिले, ते त्यांना मुळीच आवडलं नाही. दोन दिवसांनी व्हॅनमध्ये त्यांनी मला सांगितलं, की दोन पॅसेंजर मधल्याच स्टॉपला उतरले. मी विचारलं, कोणते? त्यांनी करंगळी आणि अनामिका वर केली. अंगठ्याकडची बोटं ठीक होती.

मी तिथेच सांगायला लागले. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या असत्या तर मनगटात नस दाबली गेली असं पहिल्यांदा वाटलं असतं. करंगळी आणि अर्धी अनामिका म्हटल्यावर दुसरी नस, ती कोपराच्या आतल्या बाजूने जाते. कोपराला काही लागलं की वीज चमकते ना, ती तीच. तिथे ती दबली असेल, किंवा मानेपाशी. काकांनी शांतपणे ऐकलं, वळण घेतलं, आणि म्हणाले की माझा नंबर इब्राहिमभाईंच्या मागे आहे.

मला समजेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या रात्रीपासून तीन जणांनी चार कारणं सांगितली होती. काकूंनी वात सांगितला, गावातल्या डॉक्टरांनी साखर आणि मान, इब्राहिमभाईंनी गार वारा. त्यात आता माझं कोपर. गाडीचे दोन पार्ट एकदम बदलले तर बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही, तेव्हा एका वेळी एकच कारण काढून बघायचं, आणि तेही आल्या क्रमाने. रांग म्हणजे रांग. मी त्यांना सांगून बघितलं, की वायरमन आधी बोलावतात. त्यावर त्यांनी मला डाव्या हाताने समोरचा रस्ता दाखवला. म्हणजे गाडी चालवताना ड्रायव्हरशी बोलू नये.

पहिला नंबर काकूंचा. वातूळ म्हणून बटाटा गेला, हरभऱ्याची डाळ गेली, आणि काकांचा जीव की प्राण असलेली कडव्या वालांची उसळ गेली. काकूंनी या निमित्ताने त्यांना न आवडणारे आणखी दोन-तीन पदार्थही वातात बसवले, असा मला संशय आहे. करंगळी होती तशीच राहिली. वाल परत आले, पण बाकीचे पदार्थ आलेच नाहीत.

मग डॉक्टरांचा नंबर. रक्त तपासलं तर साखर थोडी वर होती आणि बी-ट्वेल्व्ह बरंच खाली. दोन्हींमुळे नसांना त्रास होतो, आणि तो बहुधा आधी पायाला जाणवतो. काकांना विचारलं तर म्हणाले, तळव्यांची आग होतेच की, पण त्याचं कुणी विचारलं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर बंद झाली. पायांची आग कमी झाली. काकांनी हे कारण पास केलं, पण वेगळ्या खटल्यात. हाताच्या खटल्यात ते नापासच ठरलं.

मानेच्या एक्सरेत मणके झिजलेले दिसले. त्या वयात ते बहुतेकांचे झिजलेले दिसतात, पण कागदावर आलं म्हटल्यावर पट्टा आला. गळ्यात पट्टा घालून काका खिडकीत बसले. मान वळत नव्हती, म्हणून गाडी आली की स्टुलासकट वळत. जाणाऱ्या ड्रायव्हरांनी हे बघितलं. दोन दिवसांत डेपोत बातमी पोचली की त्यांच्या व्हॅनला अपघात झाला. दोन जुने सहकारी नारळ आणि केळी घेऊन भेटायला आले आणि दारातच विचारते झाले, की चूक कुणाची होती. काकांचा चेहरा असा झाला की काकू मध्ये पडल्या. पाहुणे गेल्यावर काकांनी पट्टा काढला, नीट गुंडाळी केली आणि कपाटात ठेवला. मुंग्यांचं काय झालं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. खरं तर त्या थोड्या वाढल्याच होत्या.

आता इब्राहिमभाई. त्यांचं म्हणणं, हे सगळं गार वाऱ्याचं. कुवेतला एसीसमोर झोपणाऱ्या कितीतरी ड्रायव्हरांचे हात असेच गेलेले त्यांनी पाहिले होते. काकांच्या घरात एसी नव्हता, पण पंखा होता, आणि समुद्राचा वारा तर फुकट होता. पंखा बंद झाला. शिवाय इब्राहिमभाईंनी तिकडून आणलेलं कसलं तरी तेल काढलं. ते कशाचं आहे ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. उंटाचा त्यात काही तरी हात होता एवढंच कळलं. त्या तेलाचा वास असा होता की काकूंनी काकांचं जेवण अंगणात वाढलं, आणि व्हॅनमधल्या मुलांनी आपसांत एक निष्पाप मुलगा उगाचच दोषी ठरवला.

काका आणि इब्राहिमभाईंची दोस्ती ही एक वेगळीच गोष्ट होती. रोज संध्याकाळी दोघं त्या खिडकीच्या आत-बाहेर उभे राहून भांडत. काकांच्या मते वाळवंटात सरळ रस्त्यावर ट्रेलर चालवणं हे ड्रायव्हिंगच नव्हे, तिथे स्टिअरिंग कशाला बसवतात हाच प्रश्न आहे. इब्राहिमभाईंच्या मते घाटात ताशी वीसने रांगणाऱ्याला ड्रायव्हर म्हणत नाहीत, पदयात्री म्हणतात. हे भांडण मी राहायला आले तेव्हा चालू होतं, मी खोली सोडली तेव्हाही चालूच होतं.

शेवटी माझा नंबर लागला. एका रविवारी सकाळी काकांनी स्वतःच हाक मारली, "ए सोलापूर, ये खाली. तुझी गाडी लागली."

ते खिडकीतच बसले होते. मी त्यांच्या दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये एकेक कागद दिला आणि म्हटलं, घट्ट धरा, मी ओढते. डाव्या हातातला कागद फाटला, पण सुटला नाही. उजव्या हातातला धरताना अंगठा टोकाशी वाकला, आणि कागद अलगद निघून आला. काकांना हे खरं वाटेना. त्यांनी तो परत मागून घेतला, परत धरला, आणि परत सुटला. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग बघितला तर तिथे हलकीशी खळी पडली होती. मग मी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने टिचकी मारली. ते दचकले. करंट थेट करंगळीत गेला होता.

मी विचारलं, "काका, कोपर कुठे टेकवता का तुम्ही? जास्त वेळ?"

"नाय," काका म्हणाले. "कुठंच नाय."

हे म्हणताना त्यांचं कोपर परत खिडकीच्या कट्ट्यावर गेलं होतं, चिऱ्याच्या खरखरीत कडेवर, वाकवून, बाहेर काढून. काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप कोपराच्या अगदी शेजारी ठेवला आणि उभ्या राहिल्या. काकांनी कपाकडे बघितलं, मग कोपराकडे. फुकट्या पॅसेंजर सापडावा तसे ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मला वाटलं, जिंकले. रात्री कोपर वाकू नये म्हणून टॉवेल गुंडाळायला सांगितला, तो त्यांनी मान्य केला. व्यायाम दाखवले, तेही केले. पण खिडकी सोडायला सांगितल्यावर ते म्हणाले, खिडकी सोडून ड्रायव्हर बसणार कुठे? तडजोड म्हणून कट्ट्यावर उशी आली. मी म्हटलं, नुसतं टेकणं नाही, इतका वेळ वाकवून ठेवणंही वाईट. मग ते मला कायद्यात पकडायला लागले. जेवताना कोपर वाकतं, फोन धरताना वाकतं, नमस्कार करताना वाकतं, ते सगळं सोडू काय? व्हॅनमध्ये तर कोपर बाहेरच. तिथे मी काही म्हटलं की समोरचा रस्ता दाखवत.

पावसाळा गेला. खळी खोल झाली. करंगळी तळव्याकडे वळून राहायला लागली. मी आता करंगळीच्या नव्हे, व्हॅनच्या काळजीत होते. ज्या हाताला पकड नाही त्या हातात मुलांनी भरलेली गाडी. ते मी काकांना सांगितलं, नीट, एकदाच. दुसऱ्या दिवसापासून काकांनी मला बार्शी म्हणायला सुरुवात केली. जिल्ह्यावरून तालुक्यावर उतरवलं. काकूंनी मला जिन्यात गाठून हळू आवाजात सांगितलं, की बोलत राहा, माझं ते ऐकत नाहीत, तुला निदान शिक्षा तरी करतात.

मग ती सकाळ. शाळेच्या अलीकडे एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी डावीकडे वळण. काका वळण घेत होते, आणि मधेच स्टिअरिंग त्यांच्या हातातून सुटून परत फिरलं. झटक्याने नाही, कागद सुटला होता तसं, अलगद. व्हॅन रस्त्याच्या मधोमध उजवीकडे सरकली. समोरून मोटरसायकलवर एक माणूस येत होता. काकांनी डाव्या हाताने चाक ओढून घेतलं, गाडी सरळ झाली, मोटरसायकलवाला काही तरी ओरडत निघून गेला. मागच्या मुलांना ते आवडलं. एक जण परत करा म्हणाला.

काकांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं, किल्ली काढली. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला, डाव्या हाताने त्याची वळलेली करंगळी सरळ केली. सोडल्यावर ती परत वळली.

"सोलापूर," ते म्हणाले, "कुवेतला फोन लाव. सांग, गाडी फेल झालीय."

मला खरंच वाटलं की इंजिनात काही झालं. मी विचारलं, काय झालंय सांगू?

"डायवर," ते म्हणाले.

इब्राहिमभाई रिक्षा करून आले. आल्यावर त्यांनी काहीही विचारलं नाही, भांडलेही नाहीत. काकांनी खाली उतरून किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मागे जाऊन मुलांमध्ये बसले. वळणावर मी वळून बघितलं, तर काका दोन दप्तरांच्या मध्ये, समोर नजर लावून बसले होते आणि त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता.

त्यानंतर त्यांनी माझं सगळं ऐकलं. ही त्या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत जड गेलेली गोष्ट. ऐकणारे काका मला माहीत नव्हते.

नसेची तपासणी करायला आम्ही कोल्हापूरला गेलो. काका, काकू आणि मी, एसटीने. काकांनी ड्रायव्हरच्या पाठची सीट धरली. पालीपर्यंत रस्त्याच्या कामामुळे सगळेच वैतागले होते, त्यामुळे काकांचं बोलणं कुणाला वेगळं वाटलं नाही. साखरप्याच्या पुढे आंबा घाट सुरू झाला आणि काका खुलले. प्रत्येक वळणाच्या आधी ते दबक्या आवाजात गियर सांगत. ड्रायव्हर पोरसवदा होता. तीन-चार वळणं त्याने सोसलं, मग न वळता म्हणाला, "काका, गाडी तुम्ही चालवताय का मी?" काकांनी विचार करून उत्तर दिलं, की सध्या तूच. घाटमाथ्यावर तो खाली उतरून काकांना चहा पाजायला घेऊन गेला. त्याचा बाप काकांच्याच डेपोत होता, असं निघालं. काकूंनी मला कोपर मारून सांगितलं, की आता मलकापूरपर्यंत ही दोघं मिळून चालवणार.

तपासणीत हाताला विजेचे छोटे धक्के देतात आणि संदेश किती वेगाने जातो ते मशीनवर बघतात. बाकी लोक तोंडं वाकडी करतात. काकांना ती सगळ्यात पटलेली तपासणी. वायर कुठे तुटली हे शोधायचं तर करंट सोडूनच बघायला हवं, हे इतके दिवस कुणाला सुचलं कसं नाही, असं ते तंत्रज्ञाला म्हणाले. कोपरापर्यंत संदेश धड येत होता, कोपरापाशी मंदावत होता, अगदी घाटात आल्यासारखा. सर्जन शांत बाई होत्या. त्यांनी सांगितलं, स्नायू वाळायला लागलाय, आता थांबण्यात अर्थ नाही. नस मोकळी करावी लागेल. आणि हेही स्पष्ट सांगितलं, की मोकळी केली तरी नस सावकाश भरते, महिने लागतील, आणि ताकद पूर्ण परत येईलच याची खात्री देता येणार नाही.

काकांनी आपल्या कोपराकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, वायर कापणार काय? बाई म्हणाल्या, कापायची नाही, वरचा दाब काढायचा. मग त्यांनी बाईंचं गाव विचारलं. त्या गारगोटीच्या निघाल्या. काकांनी मान डोलावली. तिकडच्या रस्त्यावर त्यांनी गाडी नेली होती आणि तिथली माणसं वेळेवर गाडीत चढतात, असा त्यांचा अनुभव होता.

ऑपरेशन फक्त हात बधिर करून झालं, त्यामुळे काका जागे होते. मध्ये पडदा होता. त्यांनी पडद्याआडून विचारलं, की वायर कुठल्या रंगाची आहे. सर्जनबाई म्हणाल्या, पांढरट. काकांची निराशा झाली. इतक्या महत्त्वाच्या लायनीला निदान लाल रंग तरी असायला हवा होता, असं ते पुढे पुष्कळ दिवस म्हणत.

परतल्यावर खिडकी बंद झाली. म्हणजे खिडकी उघडी होती, स्टूल उचललं गेलं. ते काकांनीच डाव्या हाताने उचलून परसात नेऊन ठेवलं, आणि ठेवून एक पाऊल मागे येताना आपसूक वळून काकूंना शोधलं. व्हॅन इब्राहिमभाई चालवू लागले. काका घरात राहीनात. पहिले काही दिवस ते व्हॅन सुटेपर्यंत फाटकात उभे राहत, मग एक दिवस सरळ चढून बसले, डाव्या बाजूच्या खिडकीला. मुलांना चढवायचं, उतरवायचं, मोजायचं, दार लावून "चल" म्हणायचं. थोडक्यात, कंडक्टरचं काम. नोकरीभर काका कंडक्टरांना पॅसेंजर समजत, फक्त पगार घेणारे. इब्राहिमभाईंना हे चांगलं माहीत होतं आणि त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना शिकवून ठेवलं, की काकांना "मास्तर" म्हणायचं. एसटीत कंडक्टरला तसंच म्हणतात. काकांनी ते सहन केलं, याचं कारण एकच, हात गळ्यात होता.

हात गळ्यातून उतरला. व्यायाम मी करून घेत होते. मऊ चेंडू दाबायचा, बोटं फाकवायची, कपड्याचे चिमटे दोरीला लावायचे. काकूंच्या दोरीवर त्या काळात कपड्यांपेक्षा चिमटे जास्त असत. मुंग्या आधी कमी झाल्या. ताकद मात्र येईना. आठवड्यामागून आठवडे कागद सुटत राहिला. काकांनी कागद मागायचं बंद केलं.

एके दिवशी सकाळी व्हॅनमधून जाताना काका एकदम म्हणाले, थांबव. इब्राहिमभाईंनी विचारलं, काय राहिलं? काही राहिलं नव्हतं. शाळेच्या अलीकडचं ते उताराचं वळण होतं, आणि काका डावीकडे बघत होते. करंजाच्या दोन झाडांच्या मधून, खाली, खाडी दिसत होती. ओहोटी होती, चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या, आणि एका होडीवर ओळीने बगळे बसले होते.

"हे इथं हाय?" काका म्हणाले. "मी किती वर्षं गाडी नेली हितून."

इब्राहिमभाई म्हणाले, इथे स्टॉप नाही. काका म्हणाले, मास्तर मी आहे. गाडी थांबली. मुलं डाव्या खिडक्यांवर चढली, बगळे मोजले, त्यांचं एकमत झालं नाही, परत मोजले. काका त्यांच्यात वाकून बघत होते. समोरचा रस्ता सोडून दुसरीकडे इतका वेळ बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

शाळेत पोचायला उशीर झाला. मी त्या दिवशी हॉस्पिटलपाशी उतरायचं विसरले होते, म्हणून ते मला बघायला मिळालं. फाटकात शाळेच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी उशीर का झाला ते विचारलं. इब्राहिमभाईंनी रस्त्याच्या कामाचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं, पण काका आधीच खाली उतरले आणि म्हणाले, "बगळे बघत होतो."

मग काकांनी मागचं दार सरकवलं. ते दार जुनं, गंजलेलं, एरवी इब्राहिमभाई दोन्ही हातांनी ओढायचे. काका बाईंशी बोलता बोलता बगळ्यांचा आकडा सांगत होते आणि त्यांचा उजवा हात दाराच्या मुठीवर गेला. पाची बोटं मुठीभोवती वळली, करंगळीसुद्धा, आणि दार सरकन उघडलं. मुलं उतरली. काकांनी दार लावलं, त्याच हाताने, आणि "चल" म्हणून चढून बसले. त्यांच्या काही लक्षातच आलं नव्हतं.

मी आणि इब्राहिमभाईंनी आरशातून एकमेकांकडे बघितलं, आणि दोघंही गप्प राहिलो. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी किल्ली मागितली असती. कधी ना कधी ती द्यायची होतीच. पण मुलांनी ठरवलं होतं, की उद्या भरती असेल, उद्या पण थांबायचं.